गाडीच्या नाकाला खस

लहानू : हात नको लावू, एमसील ओलं आहे. थे नाक आहे गाडीचं.

अपर्णा : बाबा, ये तो बाथरूम का पाईप है.

लहानू : बाथरूममधी लावला तं बाथरूमचा, गाडीत लावला तं गाडीचा. पाईपाले काय ठाऊक? अन् तू पुण्यात राहून अजून इथली हिंदीच बोलून राहिली. तिथले लोक काय म्हणत असतीन तुले?

अपर्णा : वो लोग भी मुझसे हिंदी में ही बोलते हैं. आई, तू तरी सांग ना यांना.

मीराबाई : मी काय सांगू बाई? सकाळी उठली तं कूलरची एक बाजू उघडी. आतला पंखा माझ्याकडे पाहून राहिला. मले वाटलं, चोर आला. मंग म्हटलं, सारं घर सोडून कूलरची वाळ्याची खस नेते, असा चोर तं आपल्या घरातच राहते.

लहानू : एकच बाजू घेतली. दोन बाजू तुले ठेवल्या आहेत.

मीराबाई : उपकार झाले.

लहानू : अपर्णा, इकडं ये. समजून घे. इंजिन श्वास घेते. कुठून घेते? बोनटच्या आतून. आत काय, भट्टी. गरम हवा पातळ असते, तिच्यात जीव नसते. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात सारी नोकरी मी भट्टीच्या तोंडाशी काढली, मले हवेचं कोणी शिकवू नका. म्हणून इंजिनाले बाहेरची हवा पाजाची. फिल्टरपासून पाईप काढला, बॅटरीच्या बाजूनं खाली आणला, अन् बंपरच्या मागं हे नरसाळं बसवलं. गोल बाजारातलं आहे, असली टिनाचं. मोबाइलवर एका पोट्ट्यानं दाखवलं. त्याची गाडी नुसती उडून राहिली होती.

अपर्णा : वो पोट्टा रहता कहाँ है?

लहानू : कोणास ठाऊक. मागं बर्फ दिसत होता.

अपर्णा : और यहाँ मई का महीना है, बाबा. बाहेरची हवाच भट्टी आहे.

लहानू : थेच तं! त्याले थंड हवा फुकट भेटते. आपल्याले बनवा लागते. म्हणून नरसाळ्याच्या तोंडावर खस, अन् खसवर पाणी. माणसाले चालते, मंग इंजिनाले काहून नाही चालणार?

अपर्णा : इंजिन को जुकाम नहीं होगा?

लहानू : हास. संध्याकाळी नाही हासणार.

मीराबाई : हासू नको बाई. रात्री खस घेऊन झोपले असतीन उशाशी. मले वास येऊन राहिला होता.

अपर्णा : मी हसत नाहीये. पण बाबा, आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना?

लहानू : सारं ध्यानात आहे. तूच विसरशीन.

अपर्णा : मग सांगा. आईसमोर सांगा.

लहानू : आज तुझ्या आईले छातीच्या डॉक्टरकडे न्याचं आहे. गाडीत तिघं बसाचं. एसी सुरू ठेवाचा, बंद कराचा नाही. वाटेतला पूल गाडी चढली, तं तू एकटी पुण्याले जाशीन, अन् पुन्हा आम्हाले न्याचा विषय काढणार नाही.

अपर्णा : आणि नाही चढली तर?

लहानू : तं घराले कुलूप.

अपर्णा : और गाडी?

लहानू : भंगारात. सांगून तं राहिलो. काहून बोलून घेते माणसाकडून?

अपर्णा : क्योंकि पिछली बार गाडी उसी पुल पर बंद हुई थी, एसी चालू था, और आई अंदर खोकत बसली होती. लोकांनी धक्का दिला. मला कुणी सांगितलं? शेजारच्या कांताबाईनं. आप दोनों ने फोन पर बोला, सब बढ़िया है.

मीराबाई : बढ़ियाच होतं. धक्का मारणारे पोट्टे चांगले होते. एकानं मले पाणी देल्लं.

अपर्णा : टॅक्सीनं गेलं तर काय बिघडतं?

लहानू : टॅक्सीवाला एसी लावत नाही. खिडकी उघडी ठेवते, अन् ही खोकली की आरशात पाहते. आपल्या गाडीत आरसा मी मागच्या रस्त्यावर ठेवतो, हिच्यावर नाही. चला, फिल्टर झटकून घेतो, मंग बसवतो.

मीराबाई : इथं नका झटकू! पायरीवर नका आपटू म्हटलं ना! पाह्य कसं काळं उडून राहिलं. मागं न्या. तुमचं झटकून झटकून माझे हात गेले.

अपर्णा : आई, डॉक्टर ने पूछा था ना, तुम्ही प्लांटमध्ये कामाला होता का?

मीराबाई : हव. मी म्हटलं, नाही साहेब, मी तं प्लांटाचं गेटही नाही पाहिलं. प्लांटच रोज घरी येत होता. वर्दी मी अंगणात झटको, मंग धुवो. पहिलं पाणी काळं, दुसरंही काळं. तिसऱ्या पाण्यात कुठं कापडाचा रंग दिसे. डॉक्टरनं लिहून घेतलं का नाही, काय माहीत.

अपर्णा : बाबा?

लहानू : ऐकू आलं मले. फिल्टर मागं नेतो.

(अपर्णा तयार व्हायला आत गेली आहे. लहानू फिल्टर बसवून परत आला आहे. पायरीवरचं काळं त्यानं हातानं पुसलं, मग हात कुठं पुसावा ते त्याला सुचेना.)

मीराबाई : बसला?

लहानू : बसला. खसवर एक तांब्या शिंपडलं. तेवढंच ठेवाचं, नुसती ओल. मीरा, तुले जाचं आहे का पुण्याले? खरं सांग. पोट्टी नाही इथं.

मीराबाई : पोट्टी चांगली आहे. जीव लावते.

लहानू : मी पोट्टीचं नाही विचारलं.

मीराबाई : तिच्या घरची बाल्कनी पाहिली ना तुम्ही? उभं राहिलं की समोरच्याच्या स्वयंपाकघरात फोडणी दिसते. त्या बाईले मी दोनदा हात जोडले, तिनं परदा लावला. इथं पुढच्या पुनवेले विहारात खीर माझ्याकडे आहे. मी कांताबाईले सांगूनही ठेवलं, दूध तू आण, तांदूळ मी निवडते.

लहानू : मंग झालं. गाडी चढते.

मीराबाई : नक्की चढते?

लहानू : थंड हवा भेटली की चढलीच पाहिजे. विज्ञान आहे. मी शर्ट बदलून येतो.

मीराबाई : निळा घाला. मागच्या वेळी पांढरा घातला होता, धक्का मारताना खराब झाला.

लहानू : या वेळी धक्का नाही माराचा.

मीराबाई : तरी निळा घाला.

(पुलाचा चढ. एसी सुरू. पुढं लहानू आणि मीराबाई, मागं अपर्णा. एवढ्या गारव्यातही लहानूच्या कानामागून घाम उतरतो आहे आणि पुसायला हात मोकळा नाही.)

लहानू : पाह्य, पाह्य! तिसरा गिअर आहे. एसीही सुरू आहे. कोण म्हणे भंगार?

अपर्णा : बाबा, दुसरा टाका. धक्के खा रही है.

लहानू : धक्के नाही. थंड हवा भेटली ना, थे खुश होऊन राहिली. बरं, टाकतो दुसरा. मीरा, काहून गप्प?

मीराबाई : मी दम धरून बसली आहे.

लहानू : तू नको धरू. थे इंजिनाचं काम आहे.

अपर्णा : आवाज बदल गई, बाबा.

लहानू : मागचा ट्रक आहे थो.

अपर्णा : ट्रक तर हॉर्न वाजवतोय. बाबा, बंद पडली.

लहानू : बंद नाही. थांबली आहे.

अपर्णा : किल्ली फिरवा.

लहानू : फिरवून राहिलो. ऐकून राहिली ना? घेते, घेते अन् सोडून देते. हँडब्रेक ओढला आहे, घाबरू नका. मी बोनट उघडून पाहतो.

मीराबाई : पोरी, काच खाली कर. एसी गेला.

अपर्णा : लू लगेगी, आई.

मीराबाई : लागू दे. बंद डब्यात बसण्यापेक्षा बरी. पाह्य तं काय म्हणून राहिले थे.

अपर्णा : बाबा, काय झालं?

लहानू : काही नाही. फिल्टर थोडा ओला आहे.

अपर्णा : थोडा? निचोड़ो तो लोटा भर जाएगा! ये तो लुगदी हो गया है. इसमें से हवा कैसे जाएगी?

लहानू : मी एकच तांब्या टाकला होता. शिंपडला होता फक्त. इतकं पाणी आलं कुठून?

मीराबाई : मी टाकलं.

लहानू : काय?

मीराबाई : तुम्ही शर्ट बदलाले गेले तेव्हा. खसले हात लावून पाहिला, कोरडी लागली. म्हटलं, उन्हानं वाळली. मंग बाल्टी आणली अन् हळूहळू टाकली. मंग अजून एक टाकली. कूलरले तेवढंच लागते, मले वाटलं, हिलेही लागत असन.

अपर्णा : आई, तू? तू तर मला म्हणालीस, जिथं नेशील तिथं येते.

मीराबाई : म्हटलं ना. आताही म्हणते. येते मी. मी कुठं नाही म्हणून राहिली?

अपर्णा : फिर दो बाल्टी पानी क्यों डाला?

मीराबाई : थंड व्हावं म्हणून.

लहानू : पाण्यानं नाही झालं थे.

अपर्णा : बाबा, टपक रहा है. दिख रहा है.

लहानू : टपकू दे. माझा पाईप वाकडा बसला. खाली कोपरा घेतला ना, तिथं हवा अडते. मले सकाळीच कळलं होतं. तुझ्या आईनं काहीच नाही केलं. उलट तिच्या पाण्यानंच इतकी वर आली. मागच्या वेळी तं चढाच्या सुरुवातीलेच बसली होती.

मीराबाई : मागच्या वेळी त्या वरच्या खांबापर्यंत गेली होती.

लहानू : तू नको बोलू. खोकला येते तुले.

मीराबाई : आलाच आहे. पाणी आहे का कोणाजवळ?

अपर्णा : हे घे. हळू पी. मी टॅक्सी बोलावली आहे. एसी लावायला सांगितलं त्याला. आई, पाठ टेक. माझ्याकडे टेक.

मीराबाई : कांताबाईले फोन करा लागते. दुधाचं सांगून ठेवलं होतं तिले.

अपर्णा : करू. घरी जाऊन करू. बाबा, उन्हात नका उभे राहू. शर्ट पूरा काला हो गया.

लहानू : निळा आहे, दिसत नाही. अपर्णा.

अपर्णा : हं.

लहानू : पुण्यात कसं असते आता? ऊन?

अपर्णा : दुपारी असतं. पण संध्याकाळी वारा सुटतो. पहाटे कधी कधी चादर लागते.

लहानू : मे महिन्यात चादर?

अपर्णा : हव, बाबा.

लहानू : म्हणजे आईले बरं वाटन तिथं.

अपर्णा : हव. वाटन.

लहानू : अन् खसचीही गरज नाही पडत. नुसत्या पाईपावर चढली असती हे गाडी तिथं.