तात्यांचं तेल खवट झालं नव्हतं

मंडळी, दवाखान्यातली, पेठेतली, वळसंगाहून आलेली वडीलधारी माणसं इथं तात्यांच्या दुखवट्याला बसली आहेत. मी चौथीपर्यंत शिकलेला. कराचीच्या गोदीत ओझी उचलतो. चार माणसांत उभं राहून बोलायची सवय नाही. तरी आज बोललो नाही तर मला घास गिळवणार नाही.

तात्या कंपाउंडर आमचे शेजारी. तुम्हाला त्यांचं औषध ठाऊक. मला त्यांचा हिरडा ठाऊक. करडईचं तेल उन्हाळ्यात खवट होतं. हिरड्याचं सत्त्व त्याला खवट होऊ देणार नाही, हा तात्यांचा ध्यास. पण सत्त्व तेलात विरघळेना, तळाशी बसे. तात्या म्हणायचे, "हिरडा लई गुणाचा हाय रं, पर माणूसघाणा. तेलात मिसळतच न्हाय. त्याचा सोभाव बदलाया पायजे." दोन वर्षं त्यांनी ते सत्त्व स्पिरिट आणि गंधकाच्या तेजाबाबरोबर उकळलं. शेवटी पांढरट भुकटी हाती आली. कोमट तेलात ती विरघळली! तात्या अंगणात नाचले. काकू म्हणाल्या, "हिरड्याचं ऱ्हाऊ द्या, आदी तुमचा सोभाव बदला की!"

मी कराचीला निघालो तेव्हा त्यांनी तेलाच्या दोन बाटल्या दिल्या. एक साधी, एक भुकटीची. "तितं दमट हवा. तितं टिकलं तर कुटंबी टिकंल. दर अवसेला हुंग आन् कार्ड टाक. खाऊ नगंस बरं का!"

मंडळी, मी खाल्लं. खोलीत आम्ही पाच जण, सगळे आपल्याकडचे. कुणाच्या तरी घरून शेंगांची चटणी आली. आपल्या माणसाला चटणीवर कच्चं तेल नको का? बार्शीचा नामा म्हणाला, "तेल काय हुंगायला असतंय व्हय रं, येड्या?" आठ दिवसांत दोन्ही बाटल्या रिकाम्या.

आणि मी कार्डं टाकत राहिलो. दर अवसेला. दोन्ही ठीक. दोन्ही ठीक. मग तात्यांचं पत्र आलं, बाटल्या परत पाठव. मी काय पाठवणार? लिहून टाकलं, दोन्ही खवट झाल्या, फेकून दिल्या.

त्या एका ओळीनं तात्यांनी काम बंद केलं.

परवा आलो तेव्हा काकूंना विचारलं, घरी ठेवलेल्या भुकटीच्या तेलाचं काय झालं? काकू म्हणाल्या, "ते चांगलं ऱ्हायलं की. पर हे म्हनले, पोरगं खोटं कशाला लिवंल? माझंच म्हातारं नाक फसतंय."

स्वतःच्या नाकापेक्षा त्यांनी माझ्या कार्डावर विश्वास ठेवला. माझ्या कार्डावर!

काकू, हे तुम्हाला घरात सांगायचा धीर झाला नाही. चार माणसांत सांगतोय, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

तात्यांची वही काकूंच्या मांडीवर आहे. शेवटच्या पानावर तात्यांचं अक्षर आहे, 'कराचीत टिकलं नाही, सबब सोडलं.' डॉक्टरसाहेब, माझं अक्षर कुणाला लागत नाही. तुम्ही त्याखाली लिहा, कराचीचं कार्ड खोटं होतं. सही मी करतो. पुढं कुणी शिकला-सवरलेला ती वही उघडील, त्याला तिथून पुढं जाता यावं.

सही होईपर्यंत सगळ्यांनी तात्यांसाठी उठून गप्प उभं राहावं. तुम्हाला मला जे बोलायचं असेल, ते त्यानंतर बोला.