साफ केलेलं आकाश

काकू : मधला काळा भाग कुठे गेला?

फोटोवाला : काढला ना, काकू. शेजारचे तारे उचलून तिथे पेरले. तासभर मोडला माझा, पण जोड दिसतोय का बघा कुठे.

काकू : तुला सांगितलं कुणी?

फोटोवाला : सांगायला कशाला पाहिजे? लग्नाच्या फोटोतल्या पुटकुळ्या मी विचारून काढतो का? लेन्सवर धूळ बसली होती तुमच्या.

काकू : धूळच ती. पण माझ्या लेन्सवरची नव्हे, आकाशातली. एवढा मोठा ढग, की मागच्या ताऱ्यांचा उजेड अडतो. त्याचाच तर फोटो होता.

फोटोवाला : म्हणजे न दिसणाऱ्याचा फोटो?

काकू : अडवणाऱ्याचा. सहा रात्री गावाबाहेर कुडकुडत बसले. दोनशे फोटो एकावर एक रचले, तेव्हा कुठे त्याची कड उमटली. आणि तू तासाभरात बोळा फिरवून मोकळा.

फोटोवाला : खरं सांगू? तुमच्या आकाश मंडळाच्या अध्यक्षांचा फोन होता. म्हणाले, प्रदर्शनाला बडी मंडळी येणार, बाईंच्या फोटोला भोक पडलंय, तेवढं बुजव.

काकू : त्यांना शनीपलीकडे काही दिसलेलं नाही. कडी असली की स्वारी खूश. अरे, तीस वर्षं मी हॉस्पिटलात एक्स-रे काढले. डाग दिसला की डॉक्टरपुढे ठेवायचा असतो, पुसायचा नसतो.

फोटोवाला : पाचला उद्घाटन आहे, काकू. हाच फोटो लावा, नाहीतर तुमची जागा रिकामी राहील, असं म्हणालेत ते.

काकू : राहू दे. रिकामी चौकट टांगीन आणि शेजारी स्टूल टाकून बसेन. येईल त्याला सांगेन, का रिकामी ते. घसा शाबूत आहे माझा.

फोटोवाला : तो तर रस्त्यापर्यंत ऐकू जातोय. मूळ फाइल आहे माझ्याकडे. पण अध्यक्ष जुनं गिऱ्हाईक आहेत हो.

काकू : आणि मी काय पाहुणी आलेय? लाव कागद.

(मशीन घरघरतं. नवा फोटो हळूहळू बाहेर येतो.)

फोटोवाला : काकू, काळ्याच्या कडेला हे तांबूस… हेही मी पुसलं होतं?

काकू : दिसलं ना? धुळीतून गाळून आलेला उजेड आहे तो.

फोटोवाला : मग हा साफ केलेला फाडून टाकू?

काकू : फाडतोस कशाला? अध्यक्षांना दे. म्हणावं, खाली नाव तुमचं घाला. मी काढलेलं त्यात काही उरलेलं नाही.