आधी गूळ, मग फोटो

जबाब, दि. २१ ऑगस्ट २०२३

माझे नाव सुलोचना जागेश्वर मोहतुरे, वय ३८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार खाण कामगार वसाहत, चिखला, ता. तुमसर, जि. भंडारा.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझे पती जागेश्वर हे मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होते. अपेंडिक्स फुटून ते या महिन्यात मयत झाले. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे डोमा मोहतुरे यांनी तुमसरच्या दवाखान्यातील डॉ. मोनिका बांते यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, त्यांनी तपासणी न करता रुग्णास घरी पाठवले. ती तक्रार खरी नाही. भासरे आता बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांच्यासमोरही हे सांगायची माझी तयारी आहे.

घटनेच्या दिवशी सकाळी पतीच्या पोटात बेंबीजवळ दुखू लागले व उलटी झाली. ओवा-मीठ देऊनही उतार पडला नाही, म्हणून भासऱ्यांच्या मोटारसायकलवर आम्ही तिघे दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाईंनी पोट दाबून पाहिले, रक्त तपासले, सोनोग्राफी केली. पोटातल्या वायूमुळे नीट दिसत नव्हते. बाई म्हणाल्या, "अपेंडिक्सचा संशय आहे, खात्री नाही. उगाच पोट फाडायचं नाही आणि उगाच थांबायचंही नाही. सीटी स्कॅन करून घेऊ." पतीचा चेहरा उतरला. बाईंना वाटले, माणूस किरणांना घाबरला. त्यांनी समजावून सांगितले की, हा कमी किरणांचा स्कॅन आहे, नेहमीच्यापेक्षा बराच कमी, आणि अपेंडिक्स पाहायला तेवढा पुरतो. त्या बिचाऱ्या किरणांबद्दलच सांगत राहिल्या. आमच्या माणसाला किरणांचे काही पडले नव्हते.

त्यांनी एकच विचारले, "मॅडम, त्याच्यात छाती बी दिसते काय जी?"

"खालचा थोडा भाग येतो," बाईंनी खरे ते सांगितले.

येथे सांगणे जरूर आहे की, खाणीतल्या माणसांच्या छातीचा फोटो ठरावीक वर्षांनी निघतो. फोटोत डाग आला की खाली जाणे बंद. गुळाने छाती धुऊन निघते अशी आमच्या वसाहतीत समजूत आहे. म्हणून फोटोच्या आधी घरोघर गुळाची भेली फुटते आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद होतो. भासऱ्यांनीही गूळ खाल्ला होता, तरी त्यांच्या फोटोत डाग आला. तेव्हापासून ते वर खाणीच्या फाटकावर राखणीला बसतात. खाली जाणारे त्यांना रामराम घालून पुढे जातात, आणि भासरे मान वर करत नाहीत. पती हे रोज पाहत होते. त्यांनाही खोकला होता. पाळी सुटल्यावर ते अंगणाबाहेर उभे राहून खोकून घेत व मगच घरात येत. मला ऐकू येत नाही असे त्यांना वाटे.

दवाखान्यात त्यांनी मला चहा आणायला पाठवले. मी म्हटले, "तुमाले पान्याचा थेंब बी द्याचा नाही म्हनलं मॅडमनं." तर म्हणाले, "माह्यासाठी नाही वं, तुह्यासाठी." लग्न झाल्यापासून माझ्या चहाची एवढी काळजी त्यांनी कधी केली नव्हती. मी परत आले तेव्हा खाट रिकामी होती. फोन केला तो भासऱ्यांनी उचलला. "घरी चाल्लो. चार रोज गूळ खातो म्हन्ते, मंग काढू फोटो. मशीन काही पळून चाल्ली काय?" हे माझ्याकडून ऐकून बाई स्वतः दवाखान्याच्या फाटकापर्यंत धावत आल्या. त्यांनी भासऱ्यांना फोन करून परत फिरा म्हणून सांगितले. तो फोन कापला गेला.

मी जीपने घरी पोचले तेव्हा पती उंबऱ्यावर बसून गूळ खात होते. दुखणे थांबले होते. मला पाहून हसले, "पाहे, तुह्या मॅडमच्या मशीनीपेक्षा भाऊची गाडी भारी. खड्ड्यानंच दुखनं पाडलं." मीही हसले. खरे सांगायचे तर मला फार बरे वाटले. अपेंडिक्स फुटल्यावर काही वेळ दुखणे थांबते, हे बाईंनी मला नंतर सांगितले. दिवस मावळेपर्यंत पोट पाटीसारखे कडक झाले. त्याच दवाखान्यात परत नेले. तेव्हा स्कॅन झाला, छातीचा फोटो झाला, ऑपरेशन झाले. त्यातून ते उठले नाहीत.

मी बाईंना नंतर एकटीने भेटून विचारले की, ह्यांच्या छातीत डाग होता काय. बाईंनी फोटो उजेडासमोर धरून पुन्हा पाहिला. छाती साफ होती.

हे मी भासऱ्यांना सांगितलेले नाही. गुळासाठी भावाला गाडीवर बसवून त्यांनीच आणले. आता ते जेवत नाहीत, आणि कोणाला तरी दोषी धरल्याशिवाय त्यांना बसवत नाही. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. डॉक्टर बाईंविरुद्धही नाही.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला की अजूनही अंगणाबाहेर ह्यांचा खोकला ऐकू येतो. मी एकटीच ऐकते असे समजत होते, पण त्या वेळी माझी मुलगी गुड्डीही दाराकडे पाहते. दात उमटलेला गुळाचा खडा डब्यात तसाच आहे. मला तो टाकवत नाही.

हवालदार मारोतराव यांनी हा जबाब मला वाचून दाखवला. छातीबद्दलचे वाक्य त्यांनी माझ्या विनंतीवरून हळू वाचले, बाहेर बाकापर्यंत जाऊ नये म्हणून. ते वाक्य व बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे.