नाव घाला म्हणणारा परीक्षक

हां, टाळ जरा निवांत ठेवा. मागे बसलेल्यांनी पुढे सरका, इथे जागेला भाडं नाही! ऐका मंडळी. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. गुरूची चूक शिष्याला दिसली — तर शिष्यानं काय करावं? दाखवावी, तर गुरुद्रोह. झाकावी, तर? सांगा ना! गप्प का? घरी तर एकमेकांच्या चुका बिनचष्म्याच्या दिसतात!

तर ऐका. हे आख्यान पुराणातलं नाही, माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. अंगावर हे उपरणं यायच्या आधी मी एका लॉ कॉलेजात टायपिस्ट होतो. शहाऐंशी साल. काय दिवस होते हो! लाकडी जिना, पुस्तकांचा तो जुना वास, माझा तो मराठी टाइपरायटर — ‘र’ दाबला की अर्धं बोट वर जाऊन बसायचा! आज ते सगळं आठवलं की जीव कासावीस होतो.

त्या कॉलेजचं एक त्रैमासिक निघायचं, कायद्यावरचं. गावोगावचे प्राध्यापक लेख पाठवायचे. त्याचा नेम मोठा कडक! लेखाच्या प्रती दोन. नावाची प्रत संपादकांच्या कपाटात, कुलपात. बिननावाची प्रत परीक्षकाकडे. लेख कुणाचा, परीक्षकाला कळायचं नाही. परीक्षक कोण, लेखकाला कळायचं नाही. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून परीक्षकाचा अभिप्रायसुद्धा मीच टाइप करायचा. म्हणजे दोन्हीकडचं गुपित एकट्या मला ठाऊक — आणि पगार सगळ्यांत कमी माझा!

कॉलेजात किरपेकर सर होते. धोतर, काळा कोट, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला उठून बसावा. विधवेला सासरच्या घरात राहण्याचा हक्क किती, यावर त्यांचा सत्तावीस वर्षांपूर्वीचा एक लेख. काय त्याचा मान! वकील कोर्टात तोच दाखवायचे. त्यात एका जुन्या निकालाचा दाखला होता: बाई माहेरी जाऊन राहिली की हक्क संपला.

आणि सरांचीच विद्यार्थिनी कुमुद गायधनी, नवीन लेक्चरर झालेली. सरांनी तिची फी भरलेली, सरांच्या घरी ती जेवलेली. तिनं काय करावं? तो मूळ निकाल काढून वाचला! मंडळी, दाखला सगळे देतात, मूळ पान कोण उघडतं? आपण तरी पोथी उघडतो का? कव्हर घालतो, कुंकू लावतो, ठेवून देतो!

तिनं पान उघडलं आणि बघते तर काय! सरांनी दिलेलं वाक्य न्यायाधीशाचं नव्हतंच — हरलेल्या वकिलाचं होतं! न्यायाधीशानं पुढल्याच पानावर ते खोडून काढलं होतं. सत्तावीस वर्षं हरलेल्याचं बोलणं निकाल म्हणून चाललं. किती बायका त्या एका ओळीनं घराबाहेर पडल्या असतील?

पोरगी आठ दिवस रडली. मग लेख लिहिला. टाइप मीच केला. सरांचं नाव कुठे नाही. नुसतं ‘एका मान्यवर अभ्यासकाची नजरचूक’. संपादकांनी लेख न वाचताच, नुसता विषय बघून मला सांगितलं, “यातले जाणकार एकच. किरपेकरांना द्या.”

ज्यांची चूक, त्यांच्याच हाती लेख! बोलावं, तर नेम मोडतो. दिला लिफाफा सरांच्या हातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर ग्रंथालयात आले. स्वतः स्टुलावर चढले, जुन्या निकालांचा तो जाडा खंड काढला, उभ्यानंच पान वाचलं. पुढचं पान वाचलं. मग खाली बसले. म्हणाले, “गोविंदा, माझ्या गुरुजींनी वर्गात सांगितलं, मी वहीत उतरवलं. पान उघडून बघणं मला पाप वाटलं रे.” आणि डोळे पुसले. लेख नापास करायला दोन ओळी पुरल्या असत्या! कुणाला पत्ता लागला नसता.

तिसऱ्या दिवशी अभिप्राय आला. मी टाइप केला: ‘लेख अवश्य छापावा. मात्र एक दुरुस्ती. ज्याची चूक, त्याचं नाव स्पष्ट लिहावं.’

कुमुदताईंनी तो कागद वाचला आणि तरातरा माझ्याकडे आल्या. “कोण आहे हा मेला परीक्षक? सरांवर डूख धरून बसलाय! मी लेख मागे घेते!” नाव मला ठाऊक, पण नेम म्हणजे नेम! मी टाइपरायटरवर पुढचा कागद चढवला. त्या तडक सरांच्या घरी गेल्या. पाठोपाठ मीही, कसलीशी फाइल पोचवायच्या निमित्तानं.

“सर, मी तुमच्याविरुद्ध लिहिलंय. क्षमा करा. आता परीक्षक म्हणतो, तुमचं नाव घाला. मला नाही जमायचं.”

सर झोपाळ्यावर बसले होते. माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “कुमुद, तो परीक्षक कोण ते मला माहीत नाही. पण माणूस शहाणा दिसतोय. घाल नाव. मोघम लिहिलंस तर लोक म्हणतील, असेल दुसऱ्या कुणाची चूक, आणि माझाच लेख दाखवत राहतील. माझ्या नावानं झालेलं माझ्या नावानंच मोडू दे.”

लेख छापला गेला, नावासकट! सर जाईपर्यंत त्यांनी ताईंना कधी सांगितलं नाही. तेराव्याला मीच सांगितलं. ती बाई तशीच आत गेली आणि सरांच्या फोटोपुढे डोकं टेकवलं हो.

आता आपलं बघू! मुलगा म्हणतो, “बाबा, तुमचं चुकतंय.” आपण काय म्हणतो? “तू मला शिकवतोस?” हसताय काय! मीही तुमच्यातलाच. चार महिन्यांपूर्वी माझी सून म्हणाली, “मामंजी, कीर्तनात बायकांवर करता ते विनोद आम्हाला लागतात.” तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललेलो नाही. इथे पाटावर उभा राहून जगाला शहाणपण, आणि घरात अबोला! ती बसलीय तिथे, बायकांत, तिसऱ्या रांगेत.

पल्लवी, बाळ, तुझं बरोबर होतं. चुकलं ते या गोविंदबुवाचं. चार माणसांत सांगतो, नाव घेऊन सांगतो.

मंडळी, मी माझं नाव घेतलं. आरतीला अजून वेळ आहे. तुमच्या शेजारी कोण बसलंय, बघा जरा!