सगळं फळीवरच ठरतं

बाबा : एकदा हवेत गेलं की माणसाच्या हातात काही उरत नाही! उंची, गिरकी, अब्रू, सगळं पाय फळीवर असतानाच ठरतं!

आई : म्हणून दोन्ही हातांनी कठडा धरलाय होय?

बाबा : वाऱ्याचा अंदाज घेतोय.

आई : बंद छताखाली?

मुलगी : बाबा, उतरा. मागे शिडी आहे. कुणी हसणार नाही.

आई : मी हसेन.

बाबा : उतरलो तर सोमवारपासून तुझ्या पोहण्याच्या वर्गातल्या पोरांना शिकवू देशील?

मुलगी : नाही. माझ्या तलावावर फळीबद्दल बोलायचं तर आधी फळीवरून उडी. तुम्ही जन्मभर कॉलेजात उडीचं शास्त्र शिकवलंत, पण कोरड्या जमिनीवर.

बाबा : बापाला सूट नाही?

मुलगी : बापाला दिली तर पोरं उद्या काकांनाही आणतील.

आई : अहो, मारा उडी! निवृत्त झाल्यापासून घरात मीच यांची विद्यार्थिनी. काल फडताळातला डबा काढायला टाचा उंचावल्या, तर म्हणतात, "हात आधी झोकात वर ने, पायांना जोर मिळेल."

मुलगी : मग?

आई : नेले. डबा यांच्याच डोक्यात पडला.

बाबा : पण जोर मिळाला ना? बरं, सोडतो कठडा. निघालो टोकाकडे. अगं, ही फळी हलतेय!

मुलगी : फळी नाही, तुमचे गुडघे हलतायत. फळी नुसती साथ देतेय.

बाबा : हिला थांबव!

मुलगी : थांबवायचं नसतं, बाबा. ती खाली जाते तेव्हा तिच्याबरोबर खाली जायचं. वर येते तेव्हा तिच्याबरोबर पाय ताठ करायचे. घाई केली की ती रुसते.

बाबा : हे माझंच वाक्य आहे!

मुलगी : तुमचंच. मग ऐका ना स्वतःचं.

बाबा : थरथर वाढतेय! ही मला उचलतेय! मी अजून ठरवलेलं नाही! अगं, धर... आई गं!

(धप्प. पाणी आईच्या विणकामापर्यंत.)

आई : बाही भिजली माझी. आहेत का?

बाबा : आहे! बघितलंत? फळीच्या तालाशी ताल जुळवून घेतला!

आई : थरथरून?

बाबा : शास्त्रात त्याला थरथर म्हणत नाहीत.

आई : काय म्हणतात?

बाबा : सोमवारी पोरांना सांगेन.

मुलगी : सांगा. या सोमवारी.

बाबा : खरंच? पण मी मारली कुठे? फळीनेच टाकलं मला.

मुलगी : घाबरलेली पोरं मागे झुकतात, मग फळी त्यांना भलतीकडे भिरकावते. तुम्ही पानासारखे थरथरत होतात, पण मागे झुकला नाहीत. पोरांना तेच दाखवायचंय मला.

आई : देव तुझं भलं करो. मला दुपारची झोप परत मिळाली.

मुलगी : चला, बाहेर या आता. पुढची तुकडी येतेय.

बाबा : येतो. मघाशी मी म्हणालो ना, सगळं फळीवर असतानाच ठरतं?

आई : म्हणालात. मग?

बाबा : चड्डीची नाडी बांधायची तिथेच राहिली. तेवढा टॉवेल टाकतेस?