संडासाची नवी कडी

हसायचं तर हसा, पण रनाळ्याच्या आमच्या घरी माझ्या बी.ए.च्या पदवीचा एका संडासापुढे पराभव झाला.

भांडं आणि पाइप जोडणारी लोखंडी कडी गंजून फुटली होती. घाण न्हाणीघरभर झिरपायची. वहिनीला आठवा महिना, तरी ती पाय ओढत नाल्यापर्यंत जायची. शेवटी मीच सुरतेहून नवी कडी आणली, रेल्वेत मांडीवर सांभाळत. गवंड्याने भांडं उचलून जुनी कडी खरवडून काढली, नवी बसवली, फरशीही नवी घातली.

चौथ्या दिवशी वहिनीला हाताला धरून नेलं, तर दाराला कुलूप!

"आबा, हाई काय शे?" मी वडिलांना विचारलं.

"इतलं भारी काम व्हयनं. घरना लोके वापरीसन बिघाडी टाकतीन. जवाई येई तवय कुलूप उघाडसूत."

वहिनी पुटपुटली, "जाऊ द्या ताई, माले सवय शे."

आबांची लेक मी एकटीच. मी ओरडले, "आबा, माले लगनच नही करनं!"

किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला बांधत आबा म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे कुलूप."