तटापुरती गुडघेदुखी

किल्ल्याचं गाव पाहून, वाइन चाखून सहलीची बस परतत होती. ड्रायव्हरच्या लगेच मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या जोडप्याची जुंपली, तसे त्याने कान टवकारले.

“तटावर चढायचं म्हटलं की तुमचे गुडघे दुखतात. वाइनच्या तळघरात मात्र टणाटण उतरलात!”

“खाली वाइन होती.”

“माझ्या ग्लासातलीही ढोसलीत. आणि सगळे तटावर गेले, तेव्हा आपण आपले किल्ल्याच्या दरवाजात बसून! किती हसले तुम्हाला.”

“मलाच हसले ना? हसू देत. लेकीच्या गच्चीवर कठड्यापाशी तुझे पाय कसे लटपटले होते, ते पाहिलंय मी.”

बाई त्यांच्याकडे वळल्या.

“म्हणजे गुडघे?”

“ठणठणीत आहेत.”

“अहो, हळू बोला! पुढच्या सहलीत डोंगर आहे. तिथंही दुखायला हवेत.”